प्रमाणपत्रावरची दुसरी तारीख

मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या खोलीत भिंतीवर जी प्रमाणपत्रे लावलेली असतात, त्यांतल्या काहींवर दोन तारखा असतात. एक नोंदणीची आणि दुसरी ती नोंदणी कधी संपते याची. बहुतेक जण पहिली तारीखही वाचत नाहीत, दुसरीची गोष्ट सोडाच. खोलीत शिरणारा माणूस त्या वेळी भिंती वाचण्याच्या मनःस्थितीत नसतोच. गेली काही वर्षे मी मात्र या दुसऱ्या तारखेच्या मागे लागलो आहे. ती तारीख कोण ठरवतो, ती उलटू नये म्हणून त्या व्यावसायिकाला काय करावे लागते, आणि त्याने ते केले म्हणून समोर बसलेल्या माणसाला काही फायदा होतो का, हे तीन प्रश्न मला सुटत नव्हते.

आधीच सांगून टाकतो, मी ना डॉक्टर आहे, ना मानसशास्त्राचा पदवीधर. हिशेबाच्या नोकरीत आयुष्य गेले आणि कायदे, राजपत्रे, नियमावल्या वाचण्याची सवय तिथेच लागली. असे कागद लोकांना रूक्ष वाटतात. मला त्यांत कादंबरीइतकेच काही सापडते, कारण समाज कोणावर किती भरवसा टाकायला तयार आहे, हे त्यांत कलमवार लिहिलेले असते.

पहिली अडचण शब्दांची. आपण ‘मानसोपचारतज्ज्ञ’, ‘मानसशास्त्रज्ञ’, ‘समुपदेशक’ हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. वर्तमानपत्रेही वापरतात. कायद्याच्या नजरेत मात्र ही तीन वेगळी घरे आहेत आणि त्यांचे मालकही वेगळे आहेत. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट. तो आधी एम.बी.बी.एस. डॉक्टर असतो, औषध लिहून देऊ शकतो आणि त्याची नोंदणी राज्याच्या वैद्यकीय परिषदेत असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, औषध देत नाही. चाचण्या घेणे, निदानाला हातभार लावणे आणि बोलण्यातून उपचार करणे हे त्याचे काम. त्याची नोंदणी दिल्लीच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आर.सी.आय.कडे असते. आणि समुपदेशक? त्याचे घर इतकी वर्षे उघड्यावरच होते. त्याच्याकडे पुढे वळू.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हा पुनर्वास परिषदेच्या छताखाली का, हे कोडे मला बरेच दिवस पडले होते. ही परिषद १९८६ साली एक नोंदणीकृत संस्था म्हणून सुरू झाली. १९९२ साली तिच्यासाठी संसदेने कायदा केला आणि १९९३च्या जूनपासून तिला वैधानिक दर्जा मिळाला. हेतू होता अपंगांसाठी काम करणाऱ्या मनुष्यबळाचे शिक्षण आणि नोंदणी एका शिस्तीत आणण्याचा. विशेष शिक्षक, वाचा आणि श्रवण तज्ज्ञ, कृत्रिम अवयव बनवणारे तंत्रज्ञ, आणि याच यादीत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. मतिमंदत्वाची चाचणी घेऊन दाखला कोण देणार, हा त्या काळचा व्यावहारिक प्रश्न होता, तो त्यातून सुटला. पण त्यामुळे नैराश्याने ग्रासलेल्या बँक अधिकाऱ्यावर उपचार करणारा माणूस सामाजिक न्याय मंत्रालयाच्या कक्षेत गेला आणि त्याच रुग्णाला गोळ्या देणारा डॉक्टर आरोग्य मंत्रालयाच्या. आजही तसेच आहे.

या कायद्याचे तेरावे कलम मी अनेकदा वाचले आहे. नोंदणी नसताना पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १९९२ साली हजार रुपयांना काही वजन होते. आज पुण्या-मुंबईत एका बैठकीची फी अनेक ठिकाणी त्याहून जास्त असते.

परिषद ज्या वहीत नावे लिहिते तिला केंद्रीय पुनर्वास नोंदवही म्हणतात. तीत नाव आले की काम करण्याचा अधिकार मिळतो, पण तो कायमचा नाही. पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी त्या पाच वर्षांत निरंतर पुनर्वास शिक्षणाचे शंभर गुण जमवावे लागतात. हे गुण परिषदेने मान्यता दिलेल्या कार्यशाळा, परिसंवाद, परिषदा यांतून मिळतात. करोनाच्या काळात हे कार्यक्रम संगणकाच्या पडद्यावर आले आणि लहान गावातल्या लोकांचा प्रवास वाचला. लातूर किंवा चंद्रपूरला एकट्याने काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला पूर्वी तीन दिवसांच्या कार्यशाळेसाठी पुणे-मुंबई गाठावी लागे. कार्यशाळेचे शुल्क, राहण्याचा खर्च आणि तीन दिवसांची बुडालेली कमाई वेगळी.

डॉक्टरांचे गणित निराळे. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ सालच्या आचारसंहितेत डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान तीस तास निरंतर वैद्यकीय शिक्षणाला द्यावेत असे म्हटले आहे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचे नूतनीकरणही पाच वर्षांनी होते आणि त्यासाठी हे श्रेयगुण लागतात. वर्षाला सहा तास! एखाद्या रविवारी सकाळी जाऊन संध्याकाळी परत आले की वर्ष भरले. अशा एका कार्यक्रमात, एका स्नेह्यामुळे, मागच्या रांगेत बसण्याचा योग मला आला होता. सकाळच्या व्याख्यानाला सभागृह भरलेले होते, जेवणानंतर निम्मे. बाहेरच्या दालनात औषध कंपन्यांची टेबले मांडलेली आणि तिथली वर्दळ मात्र दिवसभर टिकून होती. हा प्रश्न सरकारच्या लक्षात आला नव्हता असे नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे नियम जाहीर केले, त्यांत औषध कंपन्यांनी प्रायोजित केलेल्या शैक्षणिक कार्यक्रमांत डॉक्टरांनी भाग घेऊ नये असे स्पष्ट लिहिले होते. डॉक्टरांच्या संघटनांकडून विरोध झाला आणि तीन आठवड्यांत, २३ ऑगस्टला, ते नियम स्थगित झाले. जुनी आचारसंहिता पुन्हा लागू झाली. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. शिकवण्याचा खर्च कोण उचलतो हे विचारल्याशिवाय शिक्षण सक्तीचे करता येत नाही, आणि ते विचारले की नियमच मागे घ्यावा लागतो.

आता समुपदेशक. इथे माझ्या घरातली एक हकीकत सांगतो. माझ्या भाचीचा मुलगा दहावीच्या वर्षात अचानक शाळेत जाईनासा झाला. खोलीचे दार लावून बसायचा. कोणीतरी सुचवले म्हणून ती त्याला एका समुपदेशन केंद्रात घेऊन गेली. सहा बैठका झाल्या, पैसे गेले, मुलगा आणखी मिटला. भाचीने मला फोन केला, “मामा, तू असले कागद वाचतोस ना, जरा यांच्या फाइलवर काय लिहिलंय ते बघ.” फाइलच्या वर नावापुढे तीन-चार इंग्रजी आद्याक्षरे होती. चौकशी केल्यावर कळले, त्यांतले एक अक्षरसमूह म्हणजे शनिवार-रविवारी चालणारा काही आठवड्यांचा अभ्यासक्रम, आणि दुसरे एका खासगी संघटनेचे वर्गणी भरून मिळणारे सभासदत्व. यात बेकायदेशीर काय होते? काहीच नाही. ‘समुपदेशक’ ही पाटी लावायला आपल्याकडे परवाना लागत नव्हता. जिथे परवानाच नाही तिथे नूतनीकरण कशाचे करणार, आणि तक्रार तरी कोणाकडे नेणार? भाचीच्या रागाला पत्ताच नव्हता.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा आपल्याकडचा मोठा टप्पा. तो २९ मे २०१८पासून अमलात आला. रुग्णाच्या हक्कांच्या दृष्टीने तो जुन्या कायद्यांच्या फार पुढे आहे. त्याच्या पंचावन्नाव्या कलमाने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ते यांची नोंदणी करून त्यांची यादी प्रसिद्ध करण्याची जबाबदारी टाकली. त्या कलमात समुपदेशक नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाच्या व्याख्येत मात्र एक गमतीदार शब्दप्रयोग आहे, ‘मेडिकल अँड सोशल सायकॉलॉजी’तील एम.फिल. हा शब्द कुठून आला म्हणून शोधत गेलो, तर पोहोचलो बंगळूरच्या त्या वेळच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमध्ये, म्हणजे आजच्या निम्हान्समध्ये. १९५५ साली तिथे या विषयाची पदविका सुरू झाली, तीच पुढे एम.फिल. झाली. देशातल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांच्या शिक्षणाचा हा उगम २०१७च्या कायद्यात एका नावापुरता शिल्लक आहे. दरम्यान विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली एम.फिल. ही पदवीच बंद केली आणि मग या विषयासाठी अपवाद करून ती २०२५-२६पर्यंत चालू ठेवली. ज्या पदवीवर व्याख्या उभी, ती पदवीच अशी हेलकावे खाते.

समुपदेशकांसाठी दार उघडले ते २०२१ साली. राष्ट्रीय सहायक आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा त्या वर्षीच्या मार्चमध्ये झाला. त्याच्या परिशिष्टात दहा प्रवर्ग आहेत आणि त्यांतला एक ‘बिहेवियरल हेल्थ सायन्सेस’चा. अमेरिकेत प्रचलित असलेली ही संज्ञा आपल्या कायद्यात ठळकपणे आली. या प्रवर्गात कोण कोण आहे ते पाहण्यासारखे आहे. मानसशास्त्रज्ञ आहेत, पण पुनर्वास परिषदेखालचे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वगळून. वर्तन विश्लेषक आहेत. एच.आय.व्ही. समुपदेशक आणि कुटुंब नियोजन समुपदेशक आहेत. मधुमेहींना आहार-विहार शिकवणारे आणि बाळंतिणीला स्तनपानाविषयी सल्ला देणारेही याच प्रवर्गात. वैद्यकीय आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ते आहेत, आणि शेवटी मानसिक आरोग्य मदतनीस. म्हणजे मनोविकार सामाजिक कार्यकर्ता २०१७च्या कायद्यातही आहे आणि २०२१च्या परिशिष्टातही. या कायद्याने शिक्षणाचे किमान तास घालून दिले: सहायक व्यावसायिकासाठी दोन हजार, आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन हजार सहाशे. शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम यात कुठेच बसत नाही. पण कायदा होणे आणि राज्याराज्यांत परिषदा उभ्या राहून रोजची नोंदणी, नूतनीकरण, तक्रार-निवारण सुरळीत होणे यांत बरेच अंतर असते, आणि ते अंतर आपण अजून तोडतो आहोत.

अमेरिकेत हे सगळे आधी घडून गेले आहे, म्हणून तिकडे पाहावेसे वाटते. पण तिथेही एका दिवसात झाले नाही. मानसशास्त्रज्ञांसाठी पहिला कायदा कनेक्टिकट राज्याने १९४५ साली केला. विवाह समुपदेशकांना परवाना देण्यात कॅलिफोर्निया पहिले, १९६३ साली. त्याच कॅलिफोर्नियाने व्यावसायिक समुपदेशकांना परवाना द्यायचा कायदा केला २००९ साली, आणि तो करणारे ते शेवटचे राज्य. व्हर्जिनियाने त्याच कामासाठी सत्तरच्या दशकाच्या मध्यातच कायदा केला होता. म्हणजे एकाच देशात तीन दशकांहून अधिक अंतर.

कॅलिफोर्नियात ‘बोर्ड ऑफ बिहेवियरल सायन्सेस’ नावाचे मंडळ आहे. परवाना दोन वर्षांचा. नूतनीकरणासाठी दोन वर्षांत छत्तीस तासांचे शिक्षण, त्यांतले सहा तास कायदा आणि नीतिशास्त्राचे, आणि हे सहा तास प्रत्येक वेळी. आत्महत्येचा धोका ओळखण्याचे सहा तासांचे प्रशिक्षण आणि दूरस्थ उपचाराचे तीन तासांचे, ही दोन्ही एकदाच. आपले तीस तास पाच वर्षांचे, त्यांचे छत्तीस दोन वर्षांचे! पण मला आकड्यापेक्षा पद्धत महत्त्वाची वाटली. व्यावसायिक दर वेळी प्रमाणपत्रांचा गठ्ठा पाठवत नाही. शिक्षण पूर्ण केले असे तो प्रतिज्ञेवर लिहून देतो, प्रमाणपत्रे स्वतःजवळ जपून ठेवतो आणि मंडळ अधूनमधून कोणाचीही तपासणी करते. खोटे निघाले तर कारवाई. आमच्या हिशेबखात्यात याला नमुना तपासणी म्हणत. सगळ्यांवर संशय घेण्यापेक्षा थोड्यांना खरोखर तपासणे स्वस्त पडते आणि धाकही राहतो.

ज्या मराठी घरांतली मुले तिकडे शिकत आहेत त्यांना एक बारकावा उपयोगी पडेल. तिथला परवाना राज्यापुरता असतो आणि साधारणपणे रुग्ण ज्या जागी बसला आहे तिथला कायदा लागू होतो. म्हणून बोस्टनच्या मुलीची थेरपिस्ट, मुलगी सुट्टीत दुसऱ्या राज्यात किंवा नाशिकला आली की, व्हिडिओवर बोलायला कां-कूं करते. तो तिचा कोरडेपणा नसतो, तिच्या परवान्याची हद्द असते. मानसशास्त्रज्ञांसाठी बऱ्याच राज्यांनी आता आपापसांत करार करून ही हद्द थोडी सैल केली आहे.

वॉशिंग्टन राज्याची कथा तर या सगळ्या नियमांच्या मुळाशी काय असते ते दाखवणारी. मॅट अ‍ॅडलर नावाच्या वकिलाने २०११ साली आत्महत्या केली. तो उपचार घेत होता. त्याची पत्नी जेनिफर स्टूबर ही वॉशिंग्टन विद्यापीठात समाजकार्याची प्राध्यापक. नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिने शोध घेतला तेव्हा लक्षात आले की, आत्महत्येचा धोका कसा ओळखावा, त्या माणसाशी कसे बोलावे, याचे प्रशिक्षण मानसिक आरोग्याच्या व्यावसायिकांना सक्तीचे नाहीच. लोकांना वाटते, हे तर त्यांच्या शिक्षणाचे पहिले पान असणार. ते तसे नव्हते. तिने पाठपुरावा केला आणि २०१२ साली मॅट अ‍ॅडलरच्या नावाने कायदा झाला. मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते यांना दर सहा वर्षांनी सहा तासांचे हे प्रशिक्षण आवश्यक झाले. असा नियम करणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य. पुढे इतर राज्ये त्या वाटेने गेली. कॅलिफोर्नियाचे सहा तास त्यातलेच.

पण शिक्षण सक्तीचे केले म्हणजे उपचार सुधारतो का? इथे मी बराच काळ थबकलो, कारण उत्तर कोणालाच सोयीचे नाही.

सॅम्युएल डुबिन याने १९७२ साली मानसशास्त्रातल्या डॉक्टरेटचे ‘अर्धायुष्य’ दहा ते बारा वर्षे असल्याचा अंदाज मांडला. किरणोत्सर्गी पदार्थाची मात्रा ठरावीक काळाने निम्मी होते तशी, नवे काही शिकलेच नाही तर व्यावसायिकाची क्षमता तेवढ्या काळात निम्मी होते, असा त्याचा अर्थ. तिशीत पदवी घेतलेला माणूस पासष्टाव्या वर्षी केवळ तिच्यावर काम करत असेल तर काय उरले असेल याचा हिशेब वाचकांनी करावा. तेव्हा शिकत राहणे आवश्यक, यात वाद नाही. वाद कसे शिकायचे यात आहे. टोरांटोच्या डेव्हिड डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणावरचे अभ्यास एकत्र करून तपासले. निष्कर्ष असा की, नुसती व्याख्याने ऐकून डॉक्टरांच्या वागण्यात फरक पडत नाही. जिथे सराव करून घेतला, चर्चा झाली, तिथे पडतो. म्हणजे ते भरलेले सभागृह आणि जेवणानंतरचे निम्मे सभागृह यांत तसा फारसा फरक नव्हता.

त्याहून अस्वस्थ करणारा अभ्यास २०१६ सालचा. सायमन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी १७० थेरपिस्ट आणि त्यांच्याकडे आलेले साडेसहा हजारांहून अधिक रुग्ण यांची अनेक वर्षांची नोंद तपासली. अनुभव वाढतो तसा थेरपिस्ट सुधारतो, हे आपण धरून चालतो. सरासरीने तसे दिसले नाही. उलट परिणाम अगदी किंचित घसरताना दिसले. काही थेरपिस्ट सुधारले, हेही खरे, आणि अनुभवी लोकांचे रुग्ण अर्ध्यावर उपचार कमी सोडत होते. पण नुसते केस पिकल्याने हात बसत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याला टाका चुकला तर दिसतो. बोलून उपचार करणाऱ्याचे वाक्य चुकले तर रुग्ण पुढच्या आठवड्यात येत नाही, एवढेच. का आला नाही, हे कोण सांगणार?

म्हणून माझे मत असे झाले आहे की, तासांची संख्या हा या विषयातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. तास मोजायला सोपे म्हणून आपण ते मोजतो. ज्येष्ठ सहकाऱ्यापुढे आपले काम उघडे करून दाखवणे, रुग्णाकडून नियमित विचारून घेणे, अवघड केस चार जणांत मांडणे, यांना गुण देणे अवघड, कारण त्याची पावती मिळत नाही. तरीही तासांची अट काढून टाका असे मी म्हणणार नाही. माझ्या भाचीने पाहिलेली ती पाटी आठवते. वाईट चाळणी असली तरी ती मुळीच नसण्यापेक्षा बरी.

आपल्या देशात आणखी एक पेच आहे. निम्हान्सने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (त्या बारांत महाराष्ट्र नव्हता) प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी एखादा मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि वेगवेगळ्या विकारांत उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान होते. इतकी तूट असताना नियम कडक केले तर जे थोडे लोक काम करतात तेही कमी होतील, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. त्यात तथ्य आहे. पण तहान मोठी आहे म्हणून पाणी न तपासता द्यावे, हे मला पटत नाही.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बाईंशी माझा या विषयावर फोनवर संवाद चालू असतो. भाचीच्या मुलासाठी चांगले कोण, हे विचारता विचारता ओळख झाली. मुलगा आता त्यांच्याच ओळखीच्या एका मानसशास्त्रज्ञाकडे जातो आणि बारावीला बसतो आहे. मी त्यांना विचारले, मागच्या पाच वर्षांत जमवलेल्या शंभर गुणांपैकी किती खरोखर उपयोगी पडले? त्या म्हणाल्या, “दोन कार्यशाळा. बाकी ठीक होतं. पण दादा, दर गुरुवारी संध्याकाळी मी माझ्या जुन्या बाईंना फोन करते आणि आठवड्यातली एक केस सांगते. चौदा वर्षं झाली. त्या गुरुवारांवर माझं काम चाललंय.” त्या गुरुवारांचे गुण किती, असे मी विचारले. त्या हसल्या. नूतनीकरण येत्या मार्चमध्ये आहे, अजून अठरा गुण कमी पडतात, म्हणून दिवाळीनंतर पुण्यातल्या एका कार्यशाळेचे पैसे भरून ठेवले आहेत, असे म्हणाल्या.